प्रार्थनेत न येणारं नाव

जय ख्रिस्त ताई,

तुमची प्रतिक्रिया चार वेळा वाचली. बहिणीबद्दलचा हेवा मनातून जायला आमच्या घरच्या रोजच्या प्रार्थनेनं मदत केली, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, आईबापांचा दुजाभाव झाकायला प्रार्थना फार सोयीची असते. तुमच्या घरी आई सगळ्यांदेखत म्हणायची, "प्रभू, हिच्या मनातला मत्सर काढून टाक," आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले असूनही तुम्ही शरमेनं मान खाली घालायचात.

देवाचं नाव पुढे करून लेकराला बोलणी देणं हे. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण लेखात मी जे दोन ओळींत उरकलं, ते आता नीट सांगते.

आमचं घर गुरुवार पेठेत, पंचहौदाच्या चर्चपासून हाकेच्या अंतरावर. धाकटीला दमा. रात्री तिची छाती घरघरू लागली की आई तिला मांडीवर घेऊन बसायची. सकाळी नळाला पाणी आलं की हंडे मात्र मी भरायचे, कारण मी मोठी आणि धडधाकट. मला तिच्या दुखण्याचाही हेवा वाटायचा. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

रात्री जेवणाआधी चटई पडायची. बाबा शास्त्रातला उतारा वाचायचे, एखादं गीत व्हायचं, मग प्रत्येकानं आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. मी आजी, आईबाबा, पाळकसाहेब, शेजारच्या काकू, सगळ्यांसाठी मागायचे आणि धाकटीचं नाव गाळायचे. ते फक्त आजीच्या लक्षात आलं. आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या निराधार बायकामुलींच्या आश्रमात वाढलेली. रमाबाईंनी साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत बायबल आणलं, तिथली ती. देवाशी आडपडदा ठेवून बोलणं तिला जमायचं नाही. तांदूळ निवडताना, आम्ही दोघीच असताना म्हणाली, "तिचं नाव तुझ्या तोंडी येत नाही. नको घेऊस. पण का येत नाही, ते तरी त्याला सांग."

एका रात्री सांगितलं. "प्रभू, मला हिच्यासाठी काही मागायचं नाही. मलापण दमा दे." आई रडू लागली. बाबांनी नुसतं आमेन म्हटलं. दुसऱ्या रात्री ते म्हणाले, "बापा, थोरलीला आम्ही कामाला जुंपलं, जवळ घ्यायचं विसरलो. क्षमा कर." त्या आठवड्यापासून हंडे बाबा भरू लागले. प्रार्थनेपेक्षा आईबापांनी वागणं बदलावं, असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे ते त्या चटईवरच बदललं.

"धर्म मत्सराचं पाप फक्त मुलांच्या माथी मारतो," हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या 37 व्या अध्यायात भावांनी योसेफाचा द्वेष केला, हे सांगण्याआधी बापाचा तो सर्वांत लाडका होता आणि त्यानं त्याच्यासाठी खास झगा करवला, हे येतं. योसेफाचा हा बाप, याकोब, स्वतः तशाच घरात वाढलेला: बाप इसहाकाचा लाडका थोरला एसाव, आई रिबकेचा लाडका याकोब. शास्त्र आईबापांना पाठीशी घालत नाही. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, पैसा उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो म्हणून थोरला रुसून बाहेर थांबतो, तेव्हा बाप स्वतः बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. मी त्या दाराबाहेर बरीच वर्षं उभी होते.

कारण हेवा एका रात्रीत गेला नाही. धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं पुन्हा डोकं वर काढलं. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन मला चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जाऊ देईना. शनिवारी रात्री तिच्याजवळ सगळं बोलले. ती म्हणाली, "ताई, मला तुझ्या हंडा उचलणाऱ्या दंडांचा हेवा वाटायचा गं."

समुपदेशकाकडे जावं, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. प्रार्थनेच्या ते आड येत नाही. आता माझ्या घरी दोन मुलगे आहेत. प्रार्थनेत दुसऱ्याचा दोष काढायचा नाही, फक्त आपला सांगायचा, हा नियम आम्हा मोठ्यांनाही आहे.

आज रात्री तुमची आठवण करीन, ताई. मनातल्या मनात, मोठ्यानं नाही.