मामाचा मेसेज आणि चार कॅसेट

'पाचशे रुपयांची वायर आणा, व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडा, एका संध्याकाळी सगळ्या कॅसेट डीव्हीडीवर. चित्र एचडी होतं, डीव्हीडी शंभर वर्षं टिकते, कॅसेट भंगारात द्या.' जुन्या व्हिडिओ कॅसेटबद्दलचा हा मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या ग्रुपवर मामाने टाकला, म्हणून लिहायला बसलो.

एका संध्याकाळी? कॅसेट जेवढा वेळ चालते तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, पळवून भागत नाही. कॅसेटवर ई-१८० लिहिलं असेल तर १८० मिनिटं, म्हणजे तीन तास.

वायरीचं प्रकरण मोठं आहे. व्हीसीआरमधून येतो तो अ‍ॅनालॉग सिग्नल. त्याचे आकडे करणारी चिप त्या वायरीच्या डबीत असते, आणि स्वस्त डबीची खोड तिथेच दिसते. जुन्या, ताणलेल्या टेपचा सिग्नल डळमळतो. डबी गोंधळते आणि फ्रेम गाळते. मावशीच्या लग्नाची कॅसेट मी अशीच उतरवली होती. गणपतीपूजनाला सगळं जुळत होतं; मंगलाष्टकांपर्यंत येईतो अंतरपाट आधी दूर होतो, अक्षता पडतात, आणि भटजींचं 'सावधान' मागाहून येतं. बघताना हसू आलं, पण काम पुन्हा करावं लागलं. या वेळी व्हीसीआर आणि डबीच्या मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. सगळ्या मॉडेल्सना जमत नाही, पण माझ्याकडच्याने सिग्नल सावरला.

एचडीचं म्हणाल तर जे टेपवर नाही ते कॉम्प्युटर कुठून आणणार? व्हीएचएसवर, म्हणजे या घरगुती व्हिडिओ कॅसेटवर, आडव्या दिशेने जेमतेम २४० रेघांचा तपशील असतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पॅल पद्धतीच्या डीव्हीडीची ७२० बाय ५७६ ची चौकट त्याला पुरून उरते. शिवाय टेपवरची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, एक आड एक रेघांची. ते न ओळखता चित्र ताणलं की बांगड्यांचा हात हलताच कडेला कंगव्याचे दात उगवतात.

शंभर वर्षं? विकतच्या सिनेमाची डीव्हीडी साच्यातून छापलेली असते, आपण घरी बर्न करतो तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला मानवत नाही. मी २००७ मध्ये केलेल्यांपैकी दोन आता वाचल्याच जात नाहीत. त्यात डीव्हीडीच्या ४.७ जीबीत तीन तास कोंबले की हळदीचा पिवळा रंग ठोकळ्याठोकळ्यांनी दिसतो. म्हणून आधी चांगली फाइल करावी (डीव्ही या कमी दाबलेल्या व्हिडिओच्या स्वरूपात तासाला साधारण १३ जीबी), ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. डीव्हीडी त्यातून हवी तेव्हा करता येते, काकूंसाठी वगैरे.

घाई करायला हवी, हे मात्र खरं आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्ये थांबली. चालू यंत्र मिळणं कठीण होत जाणार.

आणि भंगार? फाइल शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय तर नाहीच. उतरवण्याआधी कॅसेटच्या पाठीमागच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटला.

मामाच्या चारपैकी एकीवर ती आहे. ती वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलीय. उरलेल्या तीन येत्या शनिवार-रविवारी, प्रत्येकी तीन तास.