थ्री सिग्मा यील्डच्या खाली म्हणून पार्ट पास? नाही हो

डिझाईनवाल्यांमध्ये एक पोस्ट जोरात फिरतेय. म्हणणं असं की रँडम व्हायब्रेशनमध्ये (म्हणजे ठराविक लय नसलेल्या हादऱ्यांत) थ्री सिग्मा स्ट्रेस (आरएमएस, म्हणजे वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाने काढलेल्या स्ट्रेसच्या तिप्पट) यील्डच्या, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या स्ट्रेसच्या, खाली आला की पार्ट पास, कारण 99.73 टक्के वेळ स्ट्रेस त्याच्या आतच असतो. जीआरएमएस (हादऱ्यांची एकूण आरएमएस पातळी, g मध्ये) सेम असेल तर डॅमेजही सेम. आणि मायनर नावाच्या इंजिनियरच्या नियमाने प्रत्येक सायकलच्या डॅमेजची बेरीज 1 च्या खाली आली की निवांत झोपा. तिन्ही अर्धवट, पहिलं तर घातकच.

आधी ते 99.73. हा आकडा वेळेचा झाला, फटीगला (पुन्हापुन्हा ताण येऊन पार्ट तुटण्याला) वेळेशी काय देणंघेणं, तिथे पीक मोजायचे असतात. पार्ट एकाच रेझोनन्सवर (स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवर) हलत असेल तर पीक रेले डिस्ट्रिब्यूशन नावाचा संख्याशास्त्रीय नियम पाळतात, आणि त्यात थ्री सिग्माच्या वरचे पीक 1.1 टक्के निघतात. किरकोळ वाटतंय ना? 200 हर्ट्झला तासाभरात 7 लाख 20 हजार सायकल होतात, म्हणजे जवळपास 8 हजार वेळा तुमची लक्ष्मणरेषा ओलांडली गेली. आता एस-एन कर्व्हचा (किती स्ट्रेसला किती सायकल टिकतात त्या आलेखाचा) स्लोप 8 धरा, म्हणजे डॅमेज स्ट्रेसच्या आठव्या घाताने वाढणार, तर एकूण डॅमेजमधला 53 टक्के वाटा या 1.1 टक्के पीकचाच येतो. कागदपेन्सिल घेऊन करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि मुळात तुलना यील्डशी का करताय? 6061-टी6 ॲल्युमिनियमचं यील्ड 275 एमपीएच्या आसपास, आरएमएस स्ट्रेस 50 आला तर थ्री सिग्मा 150, झालात पास. पण त्याच स्लोप 8 ने हिशोब केला तर हे सगळं 105 एमपीएच्या एकसारख्या सायकलइतकं डॅमेज करतं, आणि हँडबुकात या मटेरियलची फटीग स्ट्रेंग्थ 50 कोटी सायकलला 97 दिलीय, तीही पॉलिश केलेल्या सॅम्पलची. तुमच्या ब्रॅकेटच्या बेंडमध्ये टूलचे ओरखडे असतात, शेजारच्या भोकाच्या काठावरची बर (धारदार कड) कुणी काढलेली नसते, क्रॅक तिथूनच निघते.

जीआरएमएसचं म्हणाल तर गावात वर्षाला 700 मिलीमीटर पाऊस पडतो एवढं कळून पेरणी कधी करायची ते कळत नाही, तसंच हे. नॅवमॅट या अमेरिकन नौदलाच्या टेस्टचं जुनं प्रोफाईल 6.06 जीआरएमएसचं, 80 ते 350 हर्ट्झमध्ये पीएसडी (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ऊर्जा ते) 0.04. तेवढंच जीआरएमएस 20 ते 2000 मध्ये सपाट पसरवलं तर पीएसडी 0.0185 च्या आसपास येते. पार्टचा रेझोनन्स 150 हर्ट्झला असेल तर त्याच स्लोप 8 ने पहिल्यात डॅमेज जवळजवळ 22 पट! जीआरएमएस मात्र दोन्हीकडे सेम. डॅम्पिंग (कंपन शोषून घ्यायची क्षमता) 5 ऐवजी 2.5 टक्के निघालं तर आणखी 16 पट, आणि डॅम्पिंगचा आकडा बरेच जण मागच्या प्रोजेक्टमधून उचलतात हे सांगायला नको.

मायनरचा नियम 1945 चा, त्याआधी 1924 ला पामग्रेनने तोच मांडला होता. नियम साधा आहे म्हणून टिकलाय, पण मोठे लोड आधी आले की नंतर, हे त्याला कळतच नाही. वेल्डच्या बाबतीत तर आयआयडब्ल्यू ही आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्था बेरजेची मर्यादा 1 ऐवजी 0.5 च धरायला सांगते.

स्टाईनबर्गच्या तीन पट्ट्यांच्या पद्धतीवर (सायकल 1, 2 आणि 3 सिग्मा अशा तीन गटांत वाटून डॅमेज मोजायचं) मात्र उगाच टीका नको, स्लोप 6 ला ती रेलेच्या हिशोबाशी छान जुळते, 10 ला डॅमेज चौथा हिस्सा कमी दाखवते. एकापेक्षा जास्त मोड (पार्टचे हलण्याचे प्रकार) जागे होत असतील तर सरळ पीएसडीवरून डॅमेज काढायची 1985 ची डर्लिक मेथड वापरा, सॉफ्टवेअरमध्ये असतेच. आणि टेस्टच्या आधी-नंतर लो लेव्हल साईन स्वीप (हलक्या हादऱ्याने एकेक फ्रिक्वेन्सी तपासणं) घ्या, रेझोनन्स खाली सरकलेला दिसला तर डोळ्यांना क्रॅक दिसत नसली तरी पार्ट उघडून डाय पेनिट्रंट (बारीक क्रॅक दाखवणारा रंग) मारून बघा.