‘आपल्या करातून फुकट फ्लॅट’: एसआरएबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

‘झोपडी टाका, सरकारकडून फुकट फ्लॅट घ्या, तो विका आणि पुन्हा झोपडी टाका. पैसे मात्र आपण करदाते भरतो. सगळ्या झोपड्या पाडून टॉवर बांधले की प्रश्न संपला.’ मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज कधीपासून फिरतोय. आता माझ्या मावशीनेही तो खरा मानून पुढे पाठवला, म्हणून हे लिहितोय.

आधी करांचं बोलू, कारण सगळ्यात खोटं तेच आहे. एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. १९९५ साली सुरू झालेल्या आणि आज मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(१०) या नियमाखाली चालणाऱ्या त्याच्या योजनेत पुनर्वसनाची इमारत सरकारी तिजोरीतून बांधली जात नाही. बांधकाम, मधल्या काळातलं भाडं, देखभालीचा निधी, सगळं विकासकाने म्हणजे बिल्डरने भरायचं असतं. बदल्यात त्याला खुल्या बाजारात विकायचे फ्लॅट बांधण्यासाठी एफएसआय (जागेवर किती बांधता येईल ती परवानगी) मिळतो आणि त्या फ्लॅटच्या विक्रीतून खर्च आणि नफा निघतो. जमीन सरकारी किंवा पालिकेची असेल, तर तो रेडी रेकनर दराच्या (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दराच्या) २५ टक्के अधिमूल्यही भरतो. इथे एक मान्य करावं लागेल: सार्वजनिक जमीन पाव किमतीत देणं ही सवलतच आहे. पण तिच्यातून विक्रीचे टॉवर उभे राहतात, आणि झोपडीवाल्याच्या वाट्याला ३०० चौरस फूट येतात. हिशोब मागायचाच असेल तर विक्रीच्या भागाचा मागा.

‘झोपडी टाका आणि घर घ्या’ हेही होत नाही. आधी परिशिष्ट-२ म्हणजे पात्रता यादी तयार होते. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा (मतदार यादी, वीजबिल, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) असेल तरच घर मोफत. त्यानंतरचे, १ जानेवारी २०११ पर्यंतचे, अडीच लाख रुपये भरून पात्र. त्याहीनंतर आलेल्यांना काही नाही. नेहमीच्या योजनेत पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर राहणारं कुटुंब जुनं असूनही अपात्र ठरतं. नावाच्या स्पेलिंगमधला फरक किंवा वडिलांच्या नावावरचं बिल एवढ्यावरून अपात्र ठरलेली माणसं वर्षानुवर्षं अपिलात अडकतात.

आणि मधला काळ? ५१ टक्के झोपडीधारकांची संमती झाली की योजना पुढे सरकते, झोपड्या पाडल्या जातात, लोक भाड्याच्या खोल्यांत जातात. मग विक्रीचा भाग खपत नाही, विकासकाचे पैसे अडकतात, भाड्याचे धनादेश वटत नाहीत. झोपडी गेलेली, घर आलेलं नाही. हे इतकं वाढलं की दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करण्याची अट २०२३ मध्ये घालावी लागली. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी ‘फुकट’ या शब्दात ही वर्षंही धरावीत.

घरं विकली जातात, हे खरं आहे. मूळ नियमात दहा वर्षं विक्रीला बंदी होती, तरी मुखत्यारपत्रावर व्यवहार झाले. कागद कच्चा असल्यामुळे विकणाऱ्याच्या हाती बाजारभावापेक्षा बरंच कमी पडलं. पण लोक विकतात का, ते बघा. नियमावलीत देखभालीसाठी दर घरामागे ४० हजार रुपये ठेव होती. सात टक्के व्याज धरलं तरी महिन्याला २३३ रुपये होतात. त्यात लिफ्टचं कंत्राट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, टाकीची सफाई भागत नाही. वर्गणी थकते, सामाईक मीटर कापला जातो, लिफ्ट बंद पडते, आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरात कोंडली जातात. झोपडीत तळमजल्यावर शिवणयंत्र किंवा इडलीची चूल चालवणाऱ्याचं उत्पन्न तर वरच्या मजल्यावर गेल्यावर पहिल्याच महिन्यात बुडतं.

‘पाडून टॉवर बांधा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ३३(१०) मध्ये हेक्टरी किमान ६५० घरांची घनता बंधनकारक आहे, म्हणून इमारती एकमेकींना चिकटतात. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या प्रकल्पबाधितांच्या (रस्ते-रेल्वेसारख्या कामांसाठी हलवलेल्या लोकांच्या) वसाहतींत ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने केलेला अभ्यास वाचा. इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा खेळत नाही. आणि जवळच्याच, मोकळ्या रचनेच्या पीएमजीपी कॉलनीपेक्षा तिथे क्षयरोगाचं प्रमाण कितीतरी जास्त. पक्कं घर मिळूनही माणूस आजारी पडत असेल, तर त्याला पुनर्वसन म्हणायचं कसं?

दुसरी वाट महाराष्ट्रातच चालून झाली आहे. पुण्यात येरवड्याच्या नेताजीनगर, मदर तेरेसा नगर अशा वस्त्यांत केंद्राच्या शहरी गरीब योजनेतून फक्त कच्ची घरं पाडली, पक्की तशीच ठेवली. प्रत्येक कुटुंबाला जुन्याच जागी २५ चौरस मीटरचं घर बांधून मिळालं आणि खर्चाचा १० टक्के वाटा कुटुंबाने उचलला. लिफ्ट नाही, विक्रीचा टॉवर नाही, धंदा तळमजल्यावरच राहिला. यात सरकारी पैसा लागला, करदात्यांचाच. अरुंद गल्ल्या मात्र बऱ्याच ठिकाणी होत्या तशाच राहिल्या, आणि अगदी दाट वस्तीत ही पद्धत जड जाते. तिथे आधी रस्ता आणि गटाराची रेषा आखून मगच घरांना हात घालावा लागतो.