टॉवर आला होता

माझा उजवा खांदा अजून दुखतो आहे आणि त्याचे खरे कारण डॉक्टरांना सांगताना मला लाज वाटली. गेल्या मंगळवारी सुमारे पाऊण तास मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत खिडकीपाशी उभा राहून, मोबाइल धरलेला हात गजांतून बाहेर काढून, एका सरकारी कार्यालयाला इंटरनेट पुरवत होतो. वडिलांच्या नावचा वीजमीटर माझ्या नावावर करण्यासाठी घराचा नमुना आठचा उतारा हवा होता, एवढेच निमित्त.

कार्यालयाच्या भिंतीवर एक पांढरी पेटी आहे. तालुक्याहून जमिनीखालून आलेली ऑप्टिकल फायबरची केबल त्या पेटीत शिरते. पेटीवरचा तांबडा दिवा लुकलुकत होता आणि त्याखाली इंग्रजीत ‘लॉस’ अशी तीन अक्षरे होती. सिग्नल पोहोचत नसल्याची ती खूण असते, हे मी सांगणार तोच बाकावर पाय वर घेऊन बसलेल्या तात्यांनी तिचा अधिक थेट अर्थ लावला. “पयल्याच दिवशी लिवून दिलंय त्यांनी, लॉस म्हनून. आमीच येडे, नफ्याची वाट बघत बसलो.”

पाण्याच्या पाइपसाठी जेसीबीने चर खणला आणि त्यात केबल तुटली, असे संगणकावरच्या मुलाने शांतपणे सांगितले. एका योजनेने दुसरीचा गळा कापल्याचे त्याला काहीच वाटत नव्हते. मग तितक्याच शांतपणे त्याने विचारले, “काका, तुमच्या मोबाइलला हॉटस्पॉट असेल ना?”

तात्या ग्रामपंचायतीचे कोणीही नाहीत. ते रोज तिथल्या पंख्याखाली बसायला येतात. पण गावात रेंज कुठे उभी राहते आणि कुठे बसते याचे ज्ञान त्यांच्याइतके कोणाला नाही. माझा हात गजांतून बाहेर जाताच त्यांनी सूत्रे हाती घेतली. “अंमळ डाव्या अंगाला. बाभळीकडं तोंड करा. तुमचं न्हाई, फोनचं. बास! आता खोकूसुदिक नगा.” मी खोकलो. आतून मुलगा ओरडला, “गेलं!” तात्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की पेरणीच्या दिवशी मी बैल सोडून दिले असावेत. “मागल्या हप्त्यात एक मास्तर आलं हुतं,” ते म्हणाले, “चांगलं उंचंपुरं. त्यांच्या एका हातावर तीन दाखलं निघालं. तुमची उंची कमी पडतीया.” शिपायाने स्टूल आणले. मी त्यावर चढलो, आणि याची मला अजून चीड आहे, की मी चढलो. तेवढ्यात दोन बायका दारातून डोकावल्या आणि एकीने तात्यांना विचारले, “टॉवर आलाय म्हनं?” तात्यांनी माझ्याकडे बोट केले. रांग वाढली.

स्टुलावर उभ्या माणसाला हिशेब सुचतात. आपण रिचार्ज करतो, त्यातून कंपनीच्या पदरात जो महसूल पडतो त्याचा ५ टक्के वाटा सरकार एका निधीसाठी घेते. खेड्यापाड्यांत फोन आणि इंटरनेट पोहोचवण्यासाठी २००२ साली उभा केलेला हा निधी पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होता, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे डिजिटल भारत निधी असे बारसे केले. त्याच पैशातून ग्रामपंचायती जोडण्याची योजना २०११ साली मंजूर झाली आणि २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, की सहा लाखांहून अधिक खेडी हजार दिवसांत फायबरने जोडली जातील. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये भरले आणि ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. या कोट्यवधींत माझ्या रिचार्जचेही काही पैसे आहेतच. तरीही त्या क्षणी माझ्या खेड्यातले इंटरनेट माझ्या खांद्याला लोंबकळत होते. अनुदान एकदा कंपनीमार्फत द्यायचे आणि नंतर स्वतः स्टुलावर चढून पुन्हा द्यायचे, ही तरतूद कोणत्या परिपत्रकात आहे ते मला कोणी दाखवावे.

तरी मी तात्यांना धीर दिला. जुन्या रचनेत केबल सरळ एका रेषेत जात असल्यामुळे एका ठिकाणी तुटली की पुढचा सगळा भाग बंद पडतो. नव्या कार्यक्रमात केबलचे कडे करणार आहेत, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने सिग्नल येईल, असे मी हात न हलवता समजावले. तात्यांनी क्षणभर विचार केला. “म्हंजी आता दोन्हीकडनं उकरनार.”

माझ्यानंतर एका मुलीचा जन्मदाखला निघाला, एका आजींचा कसलासा अर्ज अर्ध्यात अडकला आणि मोबाइलवर संदेश आला, की माझा आजचा डेटा संपला आहे. रांगेतून नाराजीचा जो सूर उमटला, त्यात मला उतरायला कोणी हात दिला नाही. उताऱ्याचे वीस रुपये झाले होते. मी पन्नासची नोट दिली, तर मुलगा म्हणाला, “सुटे नाहीत काका, ऑनलाइन करा की.” मी माझ्या निर्जीव मोबाइलकडे पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले. त्याने तांबड्या दिव्याकडे पाहिले.

“ऱ्हाऊ द्या तीस रुपये जमा,” तात्या बाकावरून म्हणाले. “न्हाईतरी परवा त्या म्हातारीचा अर्ज पुरा कराया यायलाच लागंल तुमास्नी. येताना चार्जिंग भरून आना.”

तीस रुपये अजून तिथेच आहेत. पावतीवर त्यांची नोंद नाही.