घडलात खरे, पण मारामुळे?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर बराच काळ फिरतो आहे. ग्रुपागणिक शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. "आम्ही पट्टीचा, लाटण्याचा, चपलेचा, सगळ्याचा मार खाल्ला. वडील नुसते खाकरले तरी घर चिडीचूप व्हायचं. आमच्यातल्या कुणाला डिप्रेशन आलं नाही की कुणी काउन्सेलरकडे गेलं नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आता म्हणे बालपणीच्या ताणामुळे मोठेपणी शुगर आणि हार्टचा त्रास होतो! दोन-तीन वर्षांच्या पोराला आठवतं तरी काय? ही सगळी अमेरिकेची फॅडं. आपली एकत्र कुटुंबं होती, तेव्हा असलं काही नव्हतं." खाली अर्थातच, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

लिहिणाऱ्यानं स्वतःचं बालपण खरंच सोसलेलं असावं, म्हणून खिल्ली उडवायची नाही. पण यातलं एकेक वाक्य तपासून पाहायला हवं. कारण हा मजकूर वाचून आज कुणीतरी पोरावर हात उगारताना मनाशी म्हणतं, याच्याच भल्यासाठी.

"दोन-तीन वर्षांच्या पोराला आठवतं तरी काय?"

सगळ्यांत पटणारं वाक्य हेच, म्हणून आधी ते. आठवत नाही हे खरं आहे. साधारण तीन वर्षांच्या आधीचा प्रसंग मोठेपणी धडपणे कुणाला सांगता येत नाही. पण चालायला कसे शिकलो हेही कुणाला आठवत नाही, चालतात मात्र सगळे. शरीर आणि मेंदू जे शिकतात, त्यासाठी आठवणीची गरज नसते.

याचा सगळ्यांत भक्कम आणि वाचताना सगळ्यांत जड जाणारा पुरावा रोमानियातला आहे. हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारनं १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली. घरांना न झेपणारी मुलं सरकारी संस्थांत जमा होत गेली. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत लाखाहून अधिक मुलं होती. पोटाला मिळत होतं, अंगावर कपडे होते, डोक्यावर छप्पर होतं. हक्काचं माणूस तेवढं नव्हतं. एका बाईच्या वाट्याला दहा-पंधरा मुलं, त्यात कामाची पाळी बदलली की बाईही बदलायची. रडून कुणी येत नाही हे कळलेली बाळं रडेनाशी व्हायची.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकी संशोधकांनी २००० नंतर बुखारेस्टमधल्या सहा संस्थांतली १३६ लहानगी निवडली. त्यांतली कुठली मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत जाणार आणि कुठली आहेत तिथेच राहणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. अशी पालक-कुटुंबं तेव्हा तिथे जवळजवळ नव्हतीच, ती या प्रकल्पानंच उभी केली. तरी हा प्रयोग नैतिक होता का यावर आजही वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. मात्र दोन्ही गटांतली मुलं मुळात सारखीच असल्यामुळे पुढे पडलेला फरक घराचाच, हे ठामपणे म्हणता आलं. साडेचार वर्षांची झाल्यावर संस्थेतल्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक ७३ भरला, कुटुंबात गेलेल्यांचा ८१ आणि कधीच संस्थेत न राहिलेल्या त्याच शहरातल्या मुलांचा १०९. कुटुंबात गेलेल्यांतही जी दोन वर्षांच्या आत गेली ती जास्त सावरली. म्हणजे ज्या वयातलं 'काहीच आठवत नाही', नेमक्या त्याच वयानं फरक पाडला.

याच मुलांची बाराव्या वर्षाच्या आसपास आणखी एक तपासणी झाली. अनोळखी माणसांसमोर बोलायला लावणं, गणितं सोडवायला लावणं अशी थोडी घाबरवणारी कामं देऊन त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया मोजली. संस्थेत वाढलेल्या मुलांमध्ये कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक जेवढं वाढायला हवं तेवढं वाढलंच नाही, हृदयाचा प्रतिसादही मंद होता. बाहेरून बघणारा म्हणेल, बघा, कसं शांत पोर आहे, जराही घाबरत नाही. मार खाताना डोळ्यांतून टिपूस न काढणाऱ्या पोराचं आपल्याकडे जे कौतुक होतं, ते मला या निष्कर्षानंतर ऐकवत नाही.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही"

दगडाचं ठीक आहे, तो घडवून झाल्यावर वाढत नाही. मूल वाढतच असतं.

तरी या म्हणीत तथ्य अजिबात नाही असं कुणी म्हणत नाही, अगदी ज्यांच्या नावानं हा मजकूर बोटं मोडतो ते डॉक्टरसुद्धा. हार्वर्डमधले जॅक शोनकॉफ आणि त्यांचे सहकारी मुलांच्या ताणाचे तीन प्रकार करतात. बालवाडीचा पहिला दिवस, लसीची सुई, स्पर्धेत हरणं, हा पहिला. हृदयाचे ठोके वाढतात, थोड्या वेळात जागेवर येतात, आणि यातून मूल खरंच शिकतं. दुसरा मोठा असतो: घरातला मृत्यू, अपघात, भूकंप. तोही निभावता येतो, जवळ आधार देणारं मोठं माणूस असेल तर. तिसरा मात्र रोजचा. कधी फटका बसेल याचा नेम नाही, दारू पिऊन येणाऱ्याच्या पावलांकडे कान लागलेले, आणि जिच्या कुशीत जायचं तीच मार खाते आहे किंवा तीच मारते आहे. संकट आलं की मेंदू मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना निरोप धाडतो, त्या कॉर्टिसॉल सोडतात, संकट सरलं की मेंदूच तो थांबवतो. वाढत्या वयात ही यंत्रणा दिवसरात्र चालू राहिली की तिची चालू-बंद होण्याची पातळीच बिघडते. याला त्यांनी विषारी ताण हे नाव दिलं. मजकुरानं हे तिन्ही एकाच पोत्यात भरले आहेत. परीक्षेची भीती आणि बापाची भीती एक नव्हे.

कणखर निघालेल्यांचं काय मग? असतात ना. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळीस वर्षं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं कर्तबगार, प्रेमळ माणसं झाली. दोन तृतीयांशांना अठराव्या वर्षापर्यंत शिक्षण, वर्तन किंवा मनःस्वास्थ्याच्या अडचणी आल्या. फिरणारा मजकूर या एक तृतीयांशांनीच लिहिलेला असतो, उरलेले असल्या ग्रुपवर सहसा काही लिहीत नाहीत.

आणि त्या एक तृतीयांशांना तारलं कशानं? काहींचा स्वभाव लहानपणापासून मनमिळाऊ, हे एक. दुसरं असं की जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात किमान एक मोठं माणूस टिकून होतं, आजी, मावशी, मोठी बहीण, एखादे शिक्षक. मार जास्त बसलेली मुलं जास्त घडली असं त्या चाळीस वर्षांत दिसलं नाही. पाठीवरून हात फिरवला आजीनं आणि श्रेय जमा झालं बापाच्या पट्ट्याच्या खात्यावर, असा हा हिशेब आहे.

"आम्हाला काही झालं नाही"

काही झालं नाही हे ठरवलं कोणी, कशाशी ताडून? पन्नाशीत रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला आपलं बालपण त्या गोळ्यांशी जोडून पाहायचं कारणच पडत नाही. आणि ते जोडून पाहण्याचा प्रयत्न झालाही आहे. १९९५ ते १९९७ या काळात सॅन डिएगोमधल्या कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेत तपासणीला आलेल्या सतरा हजारांहून अधिक लोकांना व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी वयाच्या अठरा वर्षांआधीच्या वाईट अनुभवांबद्दल विचारलं. बहुतेक जण नोकरदार, शिकलेले, विमा असलेले, म्हणजे झोपडपट्टीतले नव्हेत. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक अनुभव सांगितला. १९९८ च्या पहिल्या निबंधात दिसलं की असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट होता. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचे आजार यांचाही संबंध दिसला.

यावर रास्त आक्षेप आहे: पन्नाशीत सांगितलेलं बालपण कितपत खरं? म्हणून न्यूझीलंडमधल्या डुनेडिनचा अभ्यास पाहायचा. तिथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या नोंदी लहानपणापासून होत आल्या. पहिल्या दहा वर्षांत छळ झालेल्यांच्या रक्तात बत्तिसाव्या वर्षी दाह, म्हणजे शरीरातली आतली सूज, दाखवणारी प्रथिनं जास्त सापडली, धूम्रपान वगैरे कारणं हिशेबात धरल्यावरही. हृदयविकाराच्या वाटेवर हा दाह असतो.

आणि निव्वळ चापटीबद्दल? २०१६ मध्ये एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास, एक लाख साठ हजारांवर मुलं, एकत्र मांडली. चापट आणि आक्रमकपणा, चापट आणि पुढचे मानसिक त्रास, असे वाईट संबंध सापडले. मारल्यानं मूल पुढे शिस्तीचं झालं, असं काही हाती लागलं नाही. परिणाम आकारानं लहान आहेत, हेही सांगायला हवं. एका चापटीनं कुणाचं आयुष्य बरबाद होत नाही, तसा दावा कुणी करत असेल तर तोही खोटाच.

"ही अमेरिकेची फॅडं"

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अहवाल काढला. तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मार सांगितला. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्क्यांना मारणारे खुद्द आईवडील होते. ही आकडेवारी अमेरिकेची नाही. शिक्षणहक्क कायद्याचं सतरावं कलम शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी घालतं, तेही २००९ साली आपल्याच संसदेनं केलं.

बालपणाचा, किंबहुना त्याही आधीचा, प्रौढ वयातल्या आजाराशी संबंध लावण्यात तर पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळं अंगानं किडकिडीत असूनही त्यांच्यात चरबीचं प्रमाण जपलेलं होतं. गर्भातल्या कुपोषणाचा ताण पुढच्या मधुमेहाची पायाभरणी कशी करतो, हे जगाला समजावून देण्यात या गावांचा हात आहे. हा ताण पोषणाचा, माराचा नव्हे, पण 'बालपणाचा शुगरशी काय संबंध' असं हसणाऱ्यांसाठी पुरेसा आहे.

आणि फॅड म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर बीडकडून निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांकडे पाहावं. आईबाप पहाटेच फडात, आणि कोपीत सात-आठ वर्षांची पोर तान्ह्या भावाला घेऊन. तिला अकाली आलेल्या शहाणपणाचं कौतुक करणारे खूप भेटतात. हंगामी वसतिगृहं आहेत, पण कडेवरचं मूल तिथे कोण ठेवून घेणार?

"एकत्र कुटुंबात असलं काही नव्हतं"

यात अर्धं खरं आहे, आणि मजकुरातलं सगळ्यांत मोलाचं तेच. काउआईला जी आजी आणि मावशी सापडली ती आपल्या वाड्यात, चाळीत, वस्तीवर होतीच. मारानंतर भाताचा घास भरवणारी कुणीतरी असायची. पण त्याच घरात मोठ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती, आणि लैंगिक अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो, त्यामुळे माणसं जास्त म्हणजे मूल जास्त सुरक्षित हे गणित चालत नाही. त्या काळातलं काय परत आणायचं, पट्टी की आजी, एवढं मजकूर लिहिणाऱ्यानं ठरवावं.

आता या मजकुराला उत्तर म्हणून दुसराच एक फिरू लागला आहे: बालपणीच्या वाईट अनुभवांवरच्या दहा प्रश्नांची चाचणी, चारपेक्षा जास्त गुण पडले तर तुमचं आयुष्य उद्ध्वस्त. हाही तितकाच चुकीचा आहे. सॅन डिएगोचा मूळ अभ्यास करणाऱ्या अँडा यांनीच २०२० मध्ये बजावलं की हे गुण लोकसंख्येचा धोका मोजायला आहेत, एका माणसाचं निदान करायला नव्हेत. एकदाच घडलेलं आणि दहा वर्षं रोज घडलेलं, दोन्हीला त्यात एकच गुण. काउआईतही अठराव्या वर्षी अडखळलेल्यांतले बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत मार्गी लागले, कुणी पुन्हा शिकून, कुणी चांगला जोडीदार मिळून.

सावरायला फार पैसा लागतो असंही नाही. जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी नऊ ते चोवीस महिन्यांच्या १२९ खुरटलेल्या मुलांवर काम सुरू केलं. त्यातल्या काहींच्या घरी स्थानिक आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून एकदा तासभर जायच्या. टाकाऊ डब्या-बाटल्यांपासून केलेली खेळणी न्यायच्या, बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, कौतुक कसं करायचं हे आईला दाखवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं तर त्या मुलांची कमाई तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. हे काम करू शकणारी बाई आपल्याकडे आज जवळजवळ प्रत्येक गावात आहे, योजना १९७५ पासूनची. अंगणवाडीत बसून ती रजिस्टर भरते, मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकर भरते आणि मानधन वाढावं म्हणून आझाद मैदानात येते. तिला आठवड्यातला एक तास बाळांच्या घरी खेळायला मोकळा करून देणं कुठल्या शासननिर्णयात बसतं, हा प्रश्न त्या ग्रुपवर टाकायला हरकत नाही.