संत ग्रेगरी आणि सासिमा: फिरणारा मजकूर चुकीचा आहे

'नाझियान्झसचे संत ग्रेगरी सासिमा या मोठ्या शहराचे अनेक वर्षं बिशप होते,' असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. सासिमा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, रोमन हमरस्त्यावरचा साधा थांबा. ग्रेगरींनी स्वतःच कवितेत लिहून ठेवलंय: तीन वाटा फुटतात तिथलं गाव, पाणी नाही, हिरवं काही नाही, नुसती धूळ आणि गाड्यांचा खडखडाट. मग तिथे बिशप कशाला? सम्राट वालेन्सने कप्पादोकिया प्रांताचे दोन भाग केले आणि त्याना या शहराचा बिशप अँथिमस नव्या भागातल्या चर्चवर हक्क सांगू लागला. आपली बाजू राखायला कप्पादोकियाचा आधीपासूनचा प्रमुख बिशप बेसिल याने इ.स. ३७२ मध्ये मित्राला, म्हणजे ग्रेगरींना, सासिमात नेमलं. ग्रेगरींना बिशपपदाची दीक्षा मिळाली, हे खरं. पण त्यांनी तिथला कारभार कधी हाती घेतलाच नाही, आणि मित्राने केलेल्या या नेमणुकीची सल पुढेही बाळगली.