हात पाठीमागे

बँकेच्या काउंटरवर माझी ३१ वर्षं गेली. त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या स्लिपा भरण्यात. "ताई, तेवढं भरून द्या ना," म्हणत पासबुक काचेखालून आत यायचं, मी खसाखसा आकडे लिहायचे आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवायचे. रांग पुढे जायची, मलाही पुण्य पदरात पडल्यासारखं वाटायचं. रिटायर झाले त्या महिन्यात लक्षात आलं, सुरुवातीला ज्या बायांच्या स्लिपा भरत होते, त्यातल्या काहींच्या अजूनही मीच भरतेय.

हे आठवलं ते नाशिकमधल्या फुलेनगर वस्तीच्या समाजमंदिरात. गंगापूर रोडवरच्या कॉलेजांतली आठ-दहा मुलं घेऊन आम्ही दर रविवारी तिथे बसतो. वस्तीतल्या बायाबापड्यांना मोबाइलवरची स्वतःची कामं स्वतः करता यावीत, एवढाच हेतू. पहिल्या रविवारी पोरांनी काय केलं? "आणा मावशी, मी करून देतो." फोन हातात, अंगठे भराभर, पाच मिनिटांत लाडकी बहीणची ई-केवायसी खलास. मावशी खूश, पोरगा खूश. पुढच्या रविवारी तीच मावशी दुसरं काम घेऊन त्याच पोराकडे हजर. म्हटलं, ही तर माझीच स्लिप.

तेव्हापासून नियम केला: मावशीच्या फोनला हात लावायचा नाही. हात पाठीमागे, तोंडाने सांगायचं. पोरं वैतागली. "काकू, एका फॉर्मला दीड तास लागेल." लागू दे की. रविवार आहे.

आणि खरोखर दीड तास लागतो, हो. एक मावशी धुणीभांडी करतात. स्क्रीनवर बोट ठेवलं की दाबूनच धरायच्या, शाईच्या पॅडवर अंगठा उमटवतात तसं. फोनला वाटायचं, यांना काहीतरी वेगळंच हवंय. भलतीच यादी उघडायची, चिन्हं जागची हलायची. मावशी घाबरून फोन उताणा ठेवून द्यायच्या. पोरगा "टॅप करा, टॅप करा" म्हणून थकला. शेवटी त्याच्यासोबतची मुलगी म्हणाली, "मावशी, तव्यावरची भाकरी भाजली का बघताना बोट कसं लावता?" मावशींनी लावलं. चटका बसायच्या आत उचललं. उघडलं की ॲप! बी.एस्सी.च्या त्या पोरीला हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

विद्यार्थ्यांना तयार करायचं म्हणजे नेमकं काय, हा माझा मुद्दा इथेच आहे. फोन त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो. येत नाही ते गप्प बसणं. समोरचं माणूस चुकत असताना दोन मिनिटं हात आवरणं. मी त्यांची तालीम एकमेकांवर घेते. एकाचे डोळे बांधायचे, दुसऱ्याने नुसतं बोलून त्याच्याकडून चहा करून घ्यायचा. अर्धं दूध ओट्यावर सांडतं, पण "इकडे", "तिथे", "ते वरचं" हे शब्द किती बिनकामाचे आहेत ते कळतं.

दुसरा नियम बँकेतून आलेला: समोरचा पिन टाकत असताना मान फिरवायची. कुणाच्या आधारचा फोटो आपल्या फोनमध्ये ठेवायचा नाही. पैसे यायला पिन लागत नाही, हे वाक्य इतक्यांदा म्हणायचं की स्वतःलाच कंटाळा आला पाहिजे. आणि फसवणूक झालीच तर रडत बसण्याआधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हा नंबर फोनमध्ये सेव्ह करायचा तोही मावशींच्याच बोटाने.

गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) बुधवारच्या बाजारात भाजी विकणारी एक ताई आली होती. टोपलीपुढे क्यूआर लावलेला. तक्रार एवढीच, की पैसे आल्याचं तिला कधीच कळत नाही. पाहिलं तर खातं भाच्याचं! संध्याकाळी तो हिशेब करून देईल तेवढे हिचे. तीन रविवार खर्ची पडले, पण क्यूआर तिच्या खात्याचा झाला. भाचा आमच्या नावाने बोटं मोडतो म्हणे. मोडू दे.

सगळंच जमतं असं नाही. आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं असतं, किंवा तो नंबर नवऱ्याचा असतो आणि नवरा अंबडच्या कंपनीत शिफ्टला, ओटीपी त्याच्या खिशात. तिथे ॲप शिकवून काय उपयोग? नंबर बदलायला बहुतेक जणी आधार केंद्रच गाठतात. मग एक पोरगं सोबत रांगेत उभं राहतं. माझ्या मते तेही ट्रेनिंगच.

सरकारने २०१७ साली सहा कोटी कुटुंबांसाठी डिजिटल साक्षरतेची योजना आणली होती. घरटी एक माणूस, २० तासांचा कोर्स. पण ती ग्रामीण भागासाठी. फुलेनगर महापालिकेत, म्हणजे कागदावर शहर, म्हणजे तिथल्या बायांना हे सगळं आपोआप येतं असा हिशेब असावा. दुसरीकडे कॉलेजातल्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, प्रत्येक पोराला वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यातले ४० तास एकाच वस्तीत, त्याच चार घरांसाठी दिले तर? सलग जाणं महत्त्वाचं, कारण मावशींना माणूस ओळखीचा लागतो. नवं तोंड दिसलं की त्या परत "तूच करून दे बाळा"वर येतात.

त्याऐवजी होतं काय, तर बॅनर. मागे एका कॉलेजने एका दिवसात अख्खी वस्ती 'साक्षर' केली. फॉर्म भरून घेतले, वडापाव वाटला, फोटो काढले. फोटोत मीही आहे, दुसऱ्या रांगेत, हार घातलेली. सांगायला लाज वाटते, पण आहे.

असो. येत्या रविवारी परीक्षेमुळे तीनच पोरं येणार आहेत. कुणाचं कॉलेजातलं पोर घरी लोळत असेल तर सकाळी दहाला पाठवा. आणि एखादा एक्स्टेंशन बोर्ड पडून असेल तर तोही द्या. समाजमंदिरात प्लग एकच आहे, आणि मावशी बॅटरी चार टक्क्यांवर आली की मगच येतात.